चव कळव गं

बेळगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईनं शेंगाच्या चटणीचा डबा खिडकीतून माझ्या हातात दिला. "पोचलीस की चव कळव गं," म्हणाली. सांभाळून राहा, वेळेवर जेव, यातलं काही नाही.

बेळगावातच शहापुरात आमच्या घरी पुढं वडिलांचा, आप्पांचा, हातमाग, मागं चूल. नैवेद्य उष्टा होतो म्हणून आई रांधताना जिभेला थेंब लावायची नाही. सगळं वासावर आणि हाताच्या अंदाजावर. पुढं तिला एरवीही न चाखायची सवयच लागली. देवापुढचं ताट उचललं की पहिला घास मला. "चव सांग." मी खारट म्हटलं की दुसऱ्या दिवशी चिमूट कमी पडायची. आप्पांना विचारून उपयोग नव्हता, त्यांना सगळंच गोड लागायचं.

आता मी पुण्यात सीनियर केजीला शिकवते. 'टेस्ट'च्या ॲक्टिव्हिटीला पोरांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि जिभेवर साखर, मीठ, लिंबू, मेथीपूड ठेवायची. मला खूश करायला ती मेथीलाही 'यम्मी' म्हणतात. मी दटावते, जीभ सांगेल तेच बोलायचं. आणि घरी येऊन आईशी फोनवर खोटं बोलते.

आप्पा गेल्यापासून तिची चटणी खारट होत चालली होती. एकटी बाई, हौसेनं करून पाठवते, कशाला मन मोडा, असं म्हणत मी "छान झालीय" सांगायचे आणि डबा रिकामा करायचे कचऱ्यात. माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्हीही हे करत असाल. लाज वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटते.

यंदा पाडव्याला गेले. नैवेद्य झाला, तिनं कटाची आमटी वाढली. मला तोंडात धरवेना.

"आई, मीठ लई झालंय."

तिनं चाखून बघितली. परत चाखली. "मला तर बरुबर लागतंय की." तिच्या जिभेला मीठ कळेनासं झालं होतं, आणि ते मला तेव्हा कळलं.

"मग फोनवर छान म्हणत हुतीस त्ये?"

मी आमटीची वाटी बाजूला सारली.

"तुझ्या शब्दावर गल्लीभर डबे वाटले की गं मी. कुणीच कसं बोललं न्हाय?"

गल्लीतल्या मंडळींनो, तुम्ही गप्प खाल्लंत. पण तुमच्यावर रागवायला मला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी देवाचं ताट वाढायच्या आधीच तिनं आमटीचा थेंब माझ्या तळहातावर सोडला. मी हात मागं घेतला.

"देव थांबंल. तू आदी चव सांग."

मीठ बरोबर पडलं होतं. मी तसं सांगितलं. आई बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

संध्याकाळी पुण्याला परत निघाले. आता घर म्हटलं की मला माग आठवत नाही, चूलही नाही. आई माझ्या तोंडाकडं बघतेय एवढंच दिसतं, आणि मी खरं बोलले तरी तिला ते पटलेलं नसतं.