डेलरोजचा अंगठा

डेलरोज पिनॉकचा उजवा अंगठा आमच्या डोंगरातल्या सगळ्या शाळांना ठाऊक होता. मुलं जीव खाऊन धावायची, आईबाप घसा फाडून ओरडायचे, आणि निकाल यायचा तो डेलच्या अंगठ्यातून. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात डंपलिंग, म्हणजे पिठाचे गोळे, तळायची. खेळांच्या दिवशी एप्रन काढायची, गवती हॅट घालायची आणि शेवटच्या रेषेजवळच्या लाकडी पायऱ्यांवर स्टॉपवॉच घेऊन बसायची. अशी सव्वीस वर्षं गेली. मी शाळेत शिवण शिकवायचे, अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे. ती आकडा सांगायची, मी लिहायचे. रविवारी चर्चमध्येही आम्ही एकाच बाकावर.

वेळ घ्यायला कुणी नवीन आलं की ती एकच गोष्ट शिकवायची. पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करायचं नाही. शंभर मीटरवरून आवाज पोचेपर्यंत पोरं दोन पावलं पुढे गेलेली असतात. नळीतून धूर निघालेला दिसला की दाबायचं. "कान चर्चमध्ये वापरा, इथं डोळे," ती म्हणायची.

अशी ही चोख बाई. पण तिच्या मनात एक काटा होता आणि त्याचं नाव आयव्हरीन टलक.

दोघी एका वर्गातल्या. त्याच गवताच्या मैदानावर, अनवाणी, दोघी सारख्याच पळायच्या. सोळाव्या वर्षी राजधानीच्या, किंग्स्टनच्या मोठ्या स्पर्धेला शाळेतून एकच मुलगी पाठवायची होती. दोघींना पळवलं, आणि खांद्याएवढ्या फरकानं आयव्हरीन पुढे, असं मास्तरांच्या डोळ्यांना दिसलं. आयव्हरीन गेली. तिथं तिला कुण्या अमेरिकन कॉलेजच्या माणसानं पाहिलं. ती फ्लोरिडाला गेली, नर्स झाली, वीस वर्षांनी परत आली आणि टेकडीवर पांढऱ्या खांबांचं घर बांधलं. डेल इथंच राहिली. बस चालवणाऱ्या हर्बटशी लग्न, दोन मुलगे, दोघेही पळायचं नाव काढलं की आडवे होणारे.

आयव्हरीननं भांडण कधीच केलं नाही, हीच तर डेलची तक्रार. नाताळात तिनं रममध्ये मुरवलेला काळा केक पाठवला. डेलनं तो कोंबड्यांना घातला आणि वर मला सांगितलं की कोंबड्यांनीही अर्धा टाकला. टेकडीकडचा रस्ता नको म्हणून ती पाण्याला लांबच्या नळावर जायची. पण त्या घराला पडदे किती, आयव्हरीनला रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे, सगळं तिला पाठ. हर्बटला कोणती गोळी लागते ते मात्र मला विचारायची. प्रार्थनासभेत ती गुडघ्यांसाठी प्रार्थना मागायची, मुलांसाठी मागायची, या एका गोष्टीसाठी कधी उभी राहिली नाही. मला कळत होतं. मीही बोलले नाही, ती माझी चूक.

आयव्हरीनला उशिरा झालेली एकच मुलगी, जोडियान. शाळेत आली आणि पहिल्याच दिवशी मैदानावर पळाली तेव्हा डेल खिडकीत पीठ मळत होती. पोरगी हुबेहूब आईसारखी, डावा खांदा किंचित पुढे काढून पळत होती. डेल मळायची थांबली. त्या दिवशी डंपलिंग दगडासारखे झाले.

जोडियान पंधराची झाली. किंग्स्टनला जायचं तर तिच्या वयोगटाला शंभर मीटरला बारा पूर्णांक आठ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ हवी. त्या मोसमात ती दोनदा बारा नऊला अडकली. दोन्ही वेळा तीन घड्याळांतली जी मधली वेळ धरली, ती डेलच्या घड्याळाची. लोक कुजबुजायला लागले.

शेवटची संधी फेब्रुवारीत, आमच्याच मैदानावर. कडेला मॅनिश वॉटरचं पातेलं उकळत होतं, बकऱ्याच्या मुंडीच्या त्या रश्शाला रांग लागली होती. शर्यतीआधी आयव्हरीन मुद्दाम पायऱ्यांशी आली.

"डेल, नजर शाबूत आहे ना गं? नाहीतर माझा चष्मा देते."

"तुझा चष्मा नको बाई," डेल म्हणाली. "त्यातून तुझीच पोर पुढे दिसते."

रांगेतले लोक हसले. आयव्हरीनही हसली, पण जागची हलली नाही.

पहिल्या येणाऱ्या मुलीवर तीन घड्याळं असतात आणि मधली वेळ धरतात. त्या दिवशी तिसरा माणूस आलाच नव्हता, त्याची व्हॅन घाटात बंद पडली होती. उरली दोन, एक डेलचं आणि एक गणिताच्या नव्या रँकीन सरांचं. दोनच असली तर जी वेळ जास्त ती धरायची, असा नियम.

धूर निघाला. डेलचं घड्याळ वाजलं, मग सरांचं. जोडियान सरळ पुढे निघाली आणि सगळ्यांच्या आधी तिची छाती रेषेला लागली.

सरांनी सांगितलं, बारा पाच. डेलनं सांगितलं, बारा नऊ.

मुख्य पंच टीचर कूर, आमचे निवृत्त हेडमास्तर, पायऱ्या चढून वर आले. दोन्ही घड्याळं पाहिली आणि नियमाप्रमाणे बारा नऊ लिहा म्हणाले. खालून आयव्हरीन शांतपणे म्हणाली, "वाटलंच होतं." ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी पेन टेकवलं. डेलनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"टीचर, रँकीन सरांनी आवाजावर दाबलं. माझ्यानंतर त्यांची टिक ऐकली मी."

सरांनी मान खाली घातली. मुलींकडे बघत राहिलो, धूर बघायचा राहिला, असं कबूल केलं.

"मग तुमचंच बरोबर की," टीचर म्हणाले.

"माझंही धरू नका."

"का?"

डेलनं अंगठा समोर धरला. "सुरू मी धुरावरच केलं. पण ती रेषेवर आली तेव्हा माझा अंगठा थांबला का, ते मला सांगता येत नाही. ती अडकावी असं मला वाटत होतं. तिन्ही वेळा वाटत होतं."

आयव्हरीन आता पायऱ्यांपासून मागे सरली.

टीचर कूरांनी नियमांची पुस्तिका उलटसुलट केली. असल्या गोष्टीला त्यात कलम नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं की वेळच मिळाली नाही असं धरायचं, तिसरा माणूस आला की रिलेनंतर शर्यत पुन्हा घ्यायची. डेलनं घड्याळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि खाली उतरली.

ती पातेल्यामागे जाऊन बसली. जोडियान तिथंच गेली, घामानं निथळत. "मिस डेल, पाय भरून आलेत माझे. तुमच्यामुळे परत पळायचंय."

डेल वर न बघता म्हणाली, "मग डावा खांदा मागे ठेव. तो पुढे काढतेस म्हणून शेवटच्या वीस मीटरला मोडतेस."

"तुम्हाला काय माहीत?"

"सदतीस वर्षं तोच खांदा बघतेय मी."

पोरीनं नाक मुरडलं आणि गेली. पण संध्याकाळी पळाली तेव्हा खांदा निम्म्या वाटेपर्यंत तरी मागे होता. तीन घड्याळं, तिन्ही दुसऱ्यांच्या हातात. बारा आठ, बारा सात, बारा आठ. मधली बारा आठ. मी लिहिलं. डेलनं शर्यत पाहिली नाही, पातेलं घासत होती. आधीची बारा नऊ खरी की अंगठ्याची, ते तिला आजही ठाऊक नाही, मलाही नाही.

जोडियान किंग्स्टनला गेली आणि पहिल्याच फेरीत सहावी आली. आम्ही ते दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं. रविवारी चर्चला जाताना डेल म्हणाली, "ती हरली तेव्हा मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं. पण बरं आधी वाटलं."

मी म्हटलं, देवाला सांग. तिनं सांगितलं. बुधवारच्या प्रार्थनासभेत ती उभी राहिली, हॅट हातात घेऊन. माझ्या मनात चर्चमधल्याच एका बहिणीविषयी जळफळाट आहे, तो निघावा म्हणून प्रार्थना करा, म्हणाली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, दोन बाकं पुढे आयव्हरीन बसली होती.

पास्टरांनी प्रार्थना केली. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आयव्हरीननं आमेन म्हटलं.

डेल खाली बसली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "इथंही पहिली यायचं होतं तिला."