लिमये मॅडमची चौकशी

लिमये मॅडम कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती एकदा हलवून पाहत. रॉटरडॅममधल्या आमच्या ऑफिसात त्या सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत, पण त्यांची तपासणी सॉफ्टवेअरवर थांबत नसे. कँटीनमधल्या भाजीच्या सुपात डच लोक खिम्याच्या बारीक गोळ्या घालतात, हे मला त्यांनीच सांगितलं. "इथे पाटीवर विश्वास ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. मी महिनाभर त्या गोळ्या सोयाबीनच्या समजून ते सूप पीत होते. घरी आम्ही मटण खातो, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. पण तसं मी त्यांना बोलले नाही.

न बोलण्याला कारण होतं. मी परंड्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. अप्पा गावातल्याच हायस्कुलात शिपाई होते, आणि आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ऑफिसातल्या पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "गायकवाड म्हणजे कुठल्या?" मी परंड्याची म्हणून सांगितलं. "गाव नाही हो विचारत," त्या म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. गायकवाड एकाच जातीत नसतात. कॉलेजच्या वसतिगृहापासून हा प्रश्न मी ओळखते. तो विचारला गेला की पुढचे काही दिवस जेवताना आपल्या शेजारची खुर्ची रिकामी राहते का, याकडे माझं लक्ष असतं.

मॅडम माझ्या शेजारीच बसत राहिल्या. नगरपालिकेत नाव नोंदवायला त्या अर्धा दिवस रजा काढून माझ्याबरोबर आल्या. घराजवळचा डॉक्टर त्यांनी शोधून दिला. समोरून वारा असताना सायकलवर कसं वाकायचं, तेही शिकवलं. मी दर वेळी आभार मानले आणि दर वेळी मनात म्हटलं, या बाईंना नक्की काय काढून घ्यायचंय?

गेल्या हिवाळ्यात आई-अप्पांना पहिल्यांदा परदेश दाखवायचं ठरवलं. हॉलंडच्या थंडीत यायला अप्पा तयार नव्हते. त्यांची एकच इच्छा होती: ज्या देशात सगळेच लोक बुद्धासमोर वाकतात, तिथल्या विहारात एकदा आपणही वाकायचं. म्हणून मी उत्तर थायलंडमधलं चिआंग माई निवडलं. जुन्या तटाच्या आत पावलोपावली विहार, आणि शहरामागच्या डोंगरावर डोइ सुथेपचा सोनेरी स्तूप. मॅडमना मात्र एवढंच सांगितलं की फिरायला चाललोय, डोंगर आणि धबधबे बघायला.

त्यांनी लगेच वही उघडली. थायलंड त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं, पण इंटरनेटवरच्या प्रत्येक वाक्याला त्या "असं कोण म्हणतं?" विचारत आणि तीन ठिकाणी पडताळून बघत. हत्तींच्या एका आश्रमाचे फोटो मला फार आवडले होते. त्यांनी ते मोठे करून पाहिले. "सगळ्या फोटोंत हत्ती गुडघ्यापर्यंतच का? खाली साखळी असणार. यादीतून खोडा ते."

मग माझी पाळी आली. वडिलांचं वय काय, घरात जिना आहे का, आई पाण्याला घाबरते का, पायात काय घालतात. मी जपून उत्तरं देत होते. "नोकरी काय होती त्यांची?" हे आलं तेव्हा माझी खात्री पटली. अर्धवट राहिलेला प्रश्न आता मागच्या दाराने येत होता.

"ऑफिसात होते," मी म्हटलं.

"म्हणजे बसून काम," असं पुटपुटत त्यांनी ते लिहून घेतलं.

त्या वहीप्रमाणे आम्ही तिघं फिरलो. पहिल्या दिवशी डोइ इंथनॉनच्या शिखरावर गेलो. तिथल्या झाडांच्या बुंध्यांवरही शेवाळाची गोधडी होती. दुसऱ्या दिवशी असा धबधबा, की ज्याच्या दगडावरून पाय घसरतच नाही आणि माणसं अनवाणी, पाण्याच्या उलट दिशेने वर चढतात. अप्पा हसत हसत दोनदा चढले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गुडघा सुजलेला होता, आणि त्याच दिवशी डोइ सुथेप होतं.

जिन्याच्या दोन्ही कठड्यांवर नाग, आणि तीनशेच्या वर पायऱ्या. अप्पांनी पांढरा शर्ट घातला होता. हातात कमळाच्या कळ्या. चौथ्या पायरीवर ते बसले.

"तू आईला घेऊन जा. मी इथूनच हात जोडतो," ते म्हणाले, आणि मग अगदी साधेपणाने, "पायथ्याशी थांबायची सवय आहे की मला."

मी बाजूला जाऊन मॅडमना फोन लावला. रॉटरडॅमला जेमतेम उजाडलं असेल. एका दमात सगळं सांगितलं: अप्पा शिपाई होते, तीस वर्षं उभे राहिले, आम्ही बौद्ध आहोत, आणि हा एकच विहार बघायला आम्ही आलोय.

मग त्या म्हणाल्या, "पायथ्याशीच तिकिटाची खिडकी असेल. तिथून रुळांवरून वर जाणारी केबिन आहे. आधी सांगितलं असतंत तर धबधबा वहीत नसता, हे पहिल्या दिवशी असतं. जा. आणि ती चालू आहे का ते मला कळवा."

चालू होती. अप्पांनी लंगडत लंगडत स्तूपाला तीन प्रदक्षिणा घातल्या. कोणी त्यांना काही विचारलं नाही.

परत आल्यावर मॅडमनी तो विषय काढला नाही. त्या निवृत्त होऊन पुण्याला निघाल्या, त्या दिवशी मी त्यांना ट्रॅमच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. तिथे त्याच बोलल्या.

"तुम्हाला माझी शंका येत होती."

मी थांब्यावरच्या पाटीवर ट्रॅमची वेळ बघू लागले.

"बरोबर येत होती. पहिल्या दिवशी मी ते त्याच अर्थाने विचारलं होतं. आमच्या घरात तसंच विचारतात, तोंडातून गेलं. नंतरचे प्रश्न गुडघ्यांसाठी होते. पण ते तुम्हाला कळणार कसं? शंका घ्यायलाच हवी. फक्त घेतलीत की तपासत जा हो. नुसती जपून ठेवू नका."

मग मीच सांगायला लागले. अप्पांचं नाव. शाळेची घंटा. ज्या माठातून मास्तर अप्पांना पाणी घेऊ देत नसत, तो माठ रोज अप्पाच भरत असत. लिमये मॅडमनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. त्यांची ट्रॅम आली, ती त्यांनी जाऊ दिली. दहा मिनिटांनी दुसरी आली. तीही जाऊ दिली.