दोन बोटं कमी

उस्मानभाऊंच्या दुकानातून सायकल विकत घेणं म्हणजे पोलिसात भरती होणं. आधी चपला काढायच्या, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सरळ उभं राहायचं आणि दांडा आणि टांग यांच्या मधल्या फटीत आपलीच बोटं आडवी घालून बघायची. दोन बोटं सहज गेली तर सायकल मिळे. नाही गेली, तर नोटांचं बंडल पुढं केलं तरी उत्तर एकच, "दोन बोटं कमी हायेत. पुडच्या वर्षी या."

कामशेतच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. तिथं बसून मी बघितलंय, एका नवरदेवाला त्यांनी वरातीतून खाली उतरवून मापाला उभं केलं आणि आहेरातली सायकल परत पाठवली. खोटं वाटत असेल तर त्या नवरदेवाला विचारा. अजून पायीच फिरतो बिचारा.

पवनेकाठी तंबूत राहायला आलेला एक पाहुणा गिअरची सायकल ढकलत आला. पाठ धरली होती. उंची ताडाला लाजवील अशी. म्हणाला, "चाक मोठं बघून घेतली हो."

"टायरवरचा आकडा टायरचा असतो, मानसाचा न्हाई," भाऊ म्हणाले. "काळ्या सायकलीला टांग बघायची. ह्या गिअरवालीचा दांडा उतरता, तितं टांग कुनाचीबी बसती. तितं हात बघायचा, हँडल किती लांब पडतंय ते. लेडीजला दांडाच न्हाई, मंग सीटवर बसवून टाचा बघायच्या."

पण भाऊंचा खरा राग आयबापांवर. लेकरू जरा मोठं झालं की बाप म्हणणार, "वाढत्या अंगाची द्या."

"वाढत्या अंगाचा झगा घे. झग्यात पोरगी पडत न्हाई."

हे ऐकून बाजार हसायचा नाही. भाऊंची थोरली रेश्मा चौथीत असताना त्यांनीच तिला बावीस इंची काळी सायकल दिली होती, वाढत्या अंगाची. पवनानगरच्या रस्त्याला उतारावर समोरून भाताचा ट्रक आला. तिनं ब्रेक दाबला, सायकल थांबलीसुद्धा. पाय मात्र जमिनीला पोचला नाही. ती ट्रकच्या चाकांच्या बाजूला कलली.

धाकटी नसीम तेव्हा पाळण्यात होती. पुढं ती शाळेत जाऊ लागल्यावर दर ईदला भाऊ तिचं माप घेत आणि दर ईदला दोन बोटं कमी भरत. पोरगी बापाच्या डोक्यावरून बघू लागली तरी कमीच. एकदा लेडीज सायकल मांडली, तर टाचा टेकेनात. आदल्या संध्याकाळी भाऊंनी सीट गुपचूप वर केलेली मी पाहिली होती. बाजारातल्या सगळ्यांनीच पाहिली असणार.

बारावीनंतर नसीमला गावाबाहेरच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. पहिल्या पाळीला जीप मिळत नाही. "मी सोडीन," भाऊ म्हणाले. साठीतला माणूस, छातीचा भाता झालेला, आणि मागं कॅरियरवर त्याच्याहून उंच लेक. रोज.

"भाऊ, तिला शिकवा की," मी म्हणायचो.

"बसंल की अजून थोडी वाढली का."

थंडीतल्या एका पहाटे वाटेतच भाऊ हँडलवर वाकले आणि दोघं रस्त्यावर आले. छातीत कळ. कंपनीत फोन नेऊ देत नाहीत म्हणून नसीमचा फोन घरी, भाऊंचा दुकानात चार्जिंगला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. ती बाजारापर्यंत पळत आली. बाजाराचा दिवस म्हणून मी लवकरच शटर उचलत होतो. तिला बोलायला श्वास नव्हता, नुसतं बोट दाखवत होती. टेम्पो काढून आम्ही पोचलो तेव्हा भाऊ गार झाले होते. सायकल शेजारी आडवी. धड, चाकांत हवा भरलेली.

चाळिसावा झाल्यावर नसीम तीच सायकल घेऊन माझ्या दुकानासमोर आली. चपला काढल्या, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली.

"काका, बघा बरं."

तळवे पुरते टेकले होते. तिनं दांड्यावर बोटं आडवी घातली. दोन गेली. तिसरंही गेलं.

"बरोबर आहे का?"

"आहे."

"कधीपासून?"

एरवी मी राईचा पर्वत करणारा माणूस. "नववीपासून," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, पाय काढून घेतला, चपला घातल्या आणि सायकल हातात धरून चालतच घरी गेली.