टेबलावर ठेवलेली शाल

अण्णानं सगळ्यांच्या खांद्यावर शाल घातली. माझी टेबलावर ठेवली.

समुदाय भवनात सभा भरली होती. नाल्याच्या पलीकडचं गाव महाराष्ट्रात, अलीकडचं आमचं, कर्नाटकात, भालकी तालुक्यातलं. दोन्ही गावांनी मिळून रस्ता करायचा, म्हणजे त्यांच्या उसाला आमचा कारखाना आणि आमच्या आजाऱ्याला उदगीरचा दवाखाना जवळ पडेल, असा विषय होता. पलीकडचे सरपंच आले होते, त्यांचे सदस्य आले होते. आमच्याकडं पाहुणा आला की आधी शाल, हार, मग बोलणं. शाल अध्यक्षानं घालायची. ग्रामपंचायतीची अध्यक्षा मी. पण घालत होता अण्णा. तो उपाध्यक्ष. गावातलं सगळ्यात मोठं घर त्याचं, म्हणून मधली खुर्चीही त्याचीच. माझी खुर्ची कडेला, दाराशी, जिथं लोकांनी चपला काढल्या होत्या तिथं.

पाहुणे संपले. कुणीतरी म्हणालं, अध्यक्षांनाही घाला की. अण्णा शाल घेऊन माझ्यापर्यंत आला. उघडली. हात अर्ध्यावर आला आणि थांबला. माझ्या खांद्याकडं त्यानं एकदा बघितलं. मग शालीची परत घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"घ्या अक्का, तुमचं तुमीच पांघरून घ्या."

दोघंतिघं हसले. पलीकडच्या सरपंचांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

मी भीमनगरची. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. मी अण्णाच्या फडात ऊस तोडलाय. मोळ्या बांधून मान वाकडी झालीय. अध्यक्षपद आमच्यातल्या बाईला राखीव झालं तेव्हा अण्णा आमच्या दारात आला होता. बाजारात जनावर बघावं तसं मला बघितलं आणि माझ्यासमोरच सोबतच्यांना म्हणाला, "हीच बरी. गप बसणारी हाय." निवडून आले. कडेला बसले. सभेत अण्णाचा हात वर गेला की बाकीच्यांचे जायचे, माझाही जायचा. त्याला वाटलं, ही बाई म्हणजे आपल्या शेतातल्या आखाड्यावर राबणारं एक माणूस.

आता तो पाहुण्यांना सांगत होता, "रस्ता तर ठरलाच हाय. काल आखाड्यावर जेवताना समदं बोलणं झालंय. आमच्या आखाड्यावरनं वळवून न्यायचा. ट्रॅक्टरला सोयीचं पडतंय."

जेवणाला मला बोलावलं नव्हतं. बोलावणार तरी कसे? पंगतीत बसवावं लागलं असतं.

वळवून न्यायचा. सरळ का नाही? सरळ वाट आहे. भीमनगरातून निघून आमच्या स्मशानाजवळून नाल्यापर्यंत जाणारी जुनी गाडीवाट. वाट सरकारी. अण्णाच्या उसानं ती गिळली. दर वर्षी एकेक सरी पुढं सरकत सरकत सगळी गिळली.

माझी आई मेली तेव्हा ऊस डोक्यापेक्षा उंच उभा होता. आम्ही तिरडी घेऊन बांधाशी आलो. अण्णाचा गडी आडवा उभा राहिला. म्हणाला, "अण्णानं सांगितलंय, उभ्या पिकातनं मढं न्यायचं न्हाई." माझ्या भावानं हात जोडले. मी पाया पडले. गड्याच्या पाया पडले मी! तो हलला नाही. मग आम्ही नाल्यातून गेलो. पाणी कमरेच्या वर. मधेच एकाचा पाय घसरला, तिरडी कलली आणि आईचा पाय पाण्यात लोंबला. गढूळ पाण्यात तिचा पाय हलत होता, जिवंत असल्यासारखा. तो पाय मी विसरले नाही. विसरणार नाही.

टेबलावरच्या शालीकडं बघत होते आणि मला तो पाय दिसत होता. तेव्हा पाया पडले होते. आज कशाला गप बसायचं? कुणाला भ्यायचं?

मी उठले. शाल उचलली, पण पांघरली नाही. काखेत धरली आणि मधल्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"एळ्री अण्णा," मी कानडीत म्हणाले. त्याच्या घरात कानडी, म्हणून. पाहुण्यांना कळावं म्हणून मराठीतही म्हणाले, "उठा. अध्यक्षाची खुर्ची हाय ही."

तो हसला. "कामून गं? काय झालं तुला?"

"गं न्हाई. अध्यक्ष म्हणा."

हसू थांबलं. त्यानं पंचायतीच्या साहेबांकडं बघितलं. साहेब बाहेरगावचे, खाली मान घालून नोकरी करणारे. पण ते म्हणाले, "खुर्ची त्यांचीच आहे."

अण्णा उठला. मी बसले. खुर्ची त्याच्या अंगानं गरम झाली होती, तरी बसले. आणि बोलले, "रस्त्याचा विषय आज होणार न्हाई. फुडची सभा भीमनगरात, समाजमंदिरात. पाहुण्यांनीबी तिथंच यावं."

त्या दिवसापासून फडातलं काम बंद झालं. पिठाच्या गिरणीत माझा डबा शेवटी राहू लागला. भावाला दोनदा धमकी आली. येऊ दे म्हटलं.

सभेच्या दिवशी सगळे आले. अण्णाही आला. न येऊन करतो काय? साहेबांनी सांगितलं होतं, तुमच्याशिवायही ठराव होईल. तो गाडीपाशीच घुटमळत होता. आमच्या उंबऱ्याच्या आत त्याचा पाय कधी पडला नव्हता. शेवटी पलीकडचे सरपंच आत बसलेले दिसले तेव्हा चपला काढून आला.

मी शाली घालायला सुरुवात केली. अध्यक्ष मी, पद्धत गावाची. शेवटी अण्णा. त्याच्यासाठी मी तीच शाल ठेवली होती, टेबलावरची, घडीसकट.

"वाका जरा," मी म्हणाले.

सगळे बघत होते. तो वाकला. मी त्याच्या मानेमागून शाल फिरवली, दोन्ही खांद्यांवर नीट बसवली आणि दोन्ही तळहातांनी दाबली. सावकाश. त्याचं अंग आकसलं, ते माझ्या हातांना कळलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

मग विषय घेतला. रस्ता सरळ, जुन्या गाडीवाटेनं. हात वर झाले. भीमनगरचे, मुसलमान गल्लीतले, आणि अण्णाच्या भाऊबंदातल्या एका बाईचाही. विरोधातही तेवढेच. समान मतं पडली की अध्यक्षाचं मत जादा. मधल्या खुर्चीत बसून बसून अण्णा हेच विसरला होता, की ते मत खुर्चीचं नाही, माझं आहे. मी हात वर केला. अण्णा शाल पांघरून घामाघूम बसला होता. काढायची कशी, सगळ्यांसमोर?

आता उसात खुणेचे दगड रोवलेत. परवा अण्णानं माणूस पाठवला. "अध्यक्षबाई, थोडं वळवून घ्या. अण्णाचा मान ऱ्हाईल."

मी म्हणाले, "त्याचा मान राखायला न्हाई बसले मी. जा, सांग त्याला."

माझी मुदत संपेल. मग ते मला सोडणार नाहीत, ठाऊक आहे मला. पण त्याआधी तो ऊस तुटेल, आणि मी बांधावर उभी राहून तुटताना बघीन, शेवटच्या कांडीपर्यंत. भीमनगरातलं पुढचं मढं त्याच वाटेनं जाईल, हलगी वाजवत, कोरड्या पायांनी. ते माझं असलं तरी चालेल.