अहवाल तपासणारे काका

कुठलीही पुस्तिका हातात दिली, की काका ती मागून उघडत. आधी शेवटचं पान, मग आभार, मग कोणाकोणाला भेटलो त्याची यादी, आणि मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी. "कापडाची खोट मागल्या अंगाला दिसते," म्हणत.

नारपोलीच्या एका यंत्रमाग कारखान्यात त्यांनी उभी हयात कापडाचे ताके तपासले होते. ताका उजेडासमोर धरायचा, धागा चुकलेला दिसला की खडूची खूण करायची. निवृत्तीनंतर कामतघरातल्या माझ्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते रोज दुपारी फुकट पेपर वाचायला येत आणि जाता जाता माझ्या अंकावरही पेन्सिल फिरवत. मला राग येई. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल; त्याचं बरोबर असतं म्हणूनच ते सोसत नाही.

एका दुपारी गुळगुळीत कागदावरचा अहवाल माझ्या टेबलावर आला. एका बड्या थिंक टँकचा, म्हणजे सरकारला धोरणं सुचवणाऱ्या अभ्याससंस्थेचा. वस्तीतले यंत्रमाग गावाबाहेर हलवावेत, अशी त्यात शिफारस होती आणि पालिका त्यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होती. माग गेले असते तर आमच्या गल्लीत मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांचं काम गेलं असतं. काकांची सून त्यांतलीच. दोन लेकरांना शाळेत सोडून ती चालत कामावर जाई. गावाबाहेर तिला ते जमणार नव्हतं.

मी तावातावानं अग्रलेखाला बसलो. मथळा ठरला होता: 'विकाऊ संस्था'.

"विकाऊ कशावरनं?" काकांनी विचारलं.

"वाचलं की कळतंच."

"किती वाचलंस?"

मी चार पानं वाचली होती. काकांनी अहवाल पिशवीत घातला आणि चार दिवस परतच केला नाही. आणला तेव्हा समासभर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"पैका दिला गोदामं बांधनाऱ्यांनी. लपवलं न्हाय, बारीक अक्षरात का व्हईना, छापलंय. त्यांचे आधीचे दोन अहवाल सुनेकडनं फोनवर काढून घेतले. दोनीत शेवट एकच, जागा मोकली करा. आन इचारलं कोनाला? मालक, दलाल, साहेब. कांडीवाली एक न्हाय."

"मग विकाऊच की!"

"थांब. कापसाच्या फुफाट्यानं छाती जाते, हे लिवलंय ते खरं हाय. दवाखान्यातल्या नोंदी बघून लिवलंय. त्याला हात लावायचा न्हाय."

माझा अग्रलेख टोपलीत गेला. मग मी जिद्दीला पेटलो. त्यांनी नाही विचारलं ना, आपण विचारू! दोन दुपारी गल्ली पालथी घातली. प्रत्येकाचं एकच म्हणणं, माग इथेच हवेत. मी विजयी मुद्रेनं कागद काकांपुढे ठेवले. त्यांनी तेही मागूनच उघडले.

"दुपारचा गेलेलास ना? रातपालीवाले तवा निजलेले असतात. त्यांना कोनी इचारलं? आन ती कोपऱ्यावरची मास्तरीन, जिला माग नकोत, ती यात कुठं हाय?"

मी भडकलो. "काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"सुनेच्या," ते म्हणाले. "म्हनून तर फाटका ताका तिच्या हाती देनार न्हाय. सुनावनीत हे ती वाचनार, तिथं कोनी एकानं भोकात बोट घातलं, का तिचं खरं पन खोटं ठरंल."

पुन्हा दारं ठोठावणं आलं. पाळी बदलायच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून आम्ही परप्रांतातून आलेल्या रातपाळीवाल्यांना हिंदीत विचारलं. मास्तरीणबाईंनी मागांच्या खडखडाटानं कान गेल्याचं सांगितलं, ते काकांनी शब्दन् शब्द उतरवून घेतलं आणि त्यांच्याकडचा चहाही प्यायला. पहिल्या पानावर त्यांनी मला लिहायला लावलं, की खर्च साप्ताहिकाचा आहे आणि विचारणाऱ्याची सून याच गल्लीत कामाला आहे.

"आपणच त्यांच्या हाती काठी कशाला द्यायची?" मी कुरकुरलो.

"त्यांचं बारीक अक्षरात हाय. आपलं मोठ्या अक्षरात लिव."

सुनावणीला आठवडा उरला असताना काका गेले. खोकला छातीत उतरला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. मी कचेरीत एकटा बसून रडलो.

सुनावणीच्या सकाळी कागद लावताना त्यांच्याच अक्षरातला एक कागद मधेच सापडला. त्यांनी स्वतःलाही विचारून ठेवलं होतं. सुनेनं तो वाचला. मी म्हटलं, "हा वगळला तरी चालेल."

"बाबांनी लिवलंय ते सगलं वाचनार," ती म्हणाली.

पालिकेच्या सभागृहात ती पदर खोचून उभी राहिली. थिंक टँकचे दोघे समोरच बसले होते. "मी या गल्लीत कांड्या भरते. माग इथं राहिले तर माझा फायदा आहे," हे तिनं आधी वाचलं. मग रातपाळीवाल्यांचं वाचलं, मास्तरीणबाईंचं वाचलं. मग तो कागद आला.

"काम, ताके तपासणं. खोकला जुना. डॉक्टर म्हणतात, मागांच्या फुफाट्यानं. माग हलवू नयेत. फुफाटा बंद करावा."

तिचा आवाज फुटला. अधिकारी हळूच म्हणाले, "बाई, थोडं बसता का? पाणी घ्या."

"न्हाय साहेब," तिनं डोळे पुसले आणि पुढचा कागद वर घेतला. "अजून अकरा जनांचं बाकी हाय."