दहीभात खाल्लेलं करडू

राजसबाईंशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं, असं मी आमच्या बिल्डिंगमध्ये नव्यानं राहायला येणाऱ्यांना सांगते. त्या दमत नाहीत. आपण दमतो.

चेन्नईत मैलापूरच्या तळ्यामागच्या गल्लीत आमची जुनी तीन मजली बिल्डिंग आहे. तळमजल्यावर राजसबाई एकट्या राहतात. मागच्या दारी शेवग्याचं झाड आणि फरशी न घातलेली मातीची पट्टी, एवढं त्यांचं राज्य. सत्तरी केव्हाच ओलांडली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची माझी छाती नाही. माणसं तंजावरच्या मराठा घरातली. इकडे येऊन त्यांच्या इतक्या पिढ्या झाल्या की घरात मराठी उरली हेच नवल, आणि ती मराठीही जुन्या बखरीतून उठून भाजी आणायला निघाल्यासारखी. मी मूळची कराडची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथली झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं. "काय गे, मराठी बोलत्येस म्हणे? बोल बघूं." परीक्षेत पास झाले असावे, कारण संध्याकाळी डबाभर सांबार वर आलं.

नोकरीत असताना त्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. तिथे खिडकीजवळची टेबलं पुरुषांची आणि भिंतीकडची बायकांची, असा अलिखित कायदा होता. मद्रासचा उन्हाळा, आणि बायका भिंतीकडे तोंड करून घाम पुसतायत. एका सकाळी राजसबाई सगळ्यांच्या आधी कचेरीत गेल्या, आपलं टेबल ओढत खिडकीपाशी नेलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसल्या. मी विचारलं, "कुणी परत हलवलं नाही?" त्या म्हणाल्या, "कसें हलवतील? यंत्र जड होतें. आणि मी त्याहून जड."

तर अशा बाईच्या मागच्या दारी गेल्या उन्हाळ्यात एक करडू येऊन पडलं.

आणणारा त्यांचा भाचा, मानाजी. अड्यारला फ्लॅट, स्वतःचा धंदा, बोलायला गोड. आदल्या पावसाळ्यात त्याची मुलगी नित्या डेंग्यूनं अगदी जायला टेकली होती. त्यानं तंजावरकडच्या त्यांच्या गावच्या अम्मनला, म्हणजे देवीला, बोकड बोलला आणि पोर वाचली. नवस आडी महिन्यात फेडायचा, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास. त्यासाठी त्यानं काळंकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं करडू गावाहून गाडीत घालून आणलं. पण बायकोनं त्याला फ्लॅटच्या दारातूनच परत पाठवलं. मग आत्या आठवली.

"आत्ते, तुझ्याकडं माती आहे, झाड आहे. आडीपर्यंत ठेवून घे."

राजसबाईंनी ठेवून घेतलं. नित्यासाठी त्यांनी वाघही ठेवून घेतला असता. पण देवीला सोडलेल्या जनावराचे नियम असतात. त्याला नाव ठेवायचं नाही, लळा लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे त्यात खोट चालत नाही. आजारी, लंगडं, रोडावलेलं जनावर अम्मन घेत नाही. त्यामुळे राजसबाई त्याला नुसतं "अम्मनचं" म्हणायच्या. शेवग्याचा पाला टाकायच्या, घमेल्यात पाणी ठेवायच्या आणि तोंड फिरवून आत जायच्या. खिडकीतून मात्र बघत बसायच्या. मी वरून बघायची, म्हणून मला ठाऊक.

मे महिन्यात करडाला जुलाब सुरू झाले. शेपूट आणि मागचे पाय बरबटलेले, कान पडलेले, पोट खपाटीला. तिसऱ्या मजल्यावरचे नारायणस्वामी हे आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. ते नाकाला पंचा लावून खाली उतरले आणि जनावर तातडीनं हलवा म्हणाले. राजसबाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, "तुमचा नातू लहान होता तेव्हां त्याचीं दुपटीं कुठें वाळत होतीं? माझ्या डोक्यावर. तेव्हां मी कुणाला हलवायला सांगितलें होतें?" नारायणस्वामी पंचा सावरत वर गेले.

आता इथे राजसबाईंनी जी चूक केली ती त्यांच्यासारख्या घरातलाच माणूस करू जाणे. त्यांच्या घरात पोट बिघडलं की औषध एकच, दहीभात. मऊ शिजवलेला, कुस्करलेला, मीठ आणि चिमूटभर हिंग घातलेला. तान्ह्या पोरापासून मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना तोच. राजसबाई जेवायला बसल्या होत्या. मागच्या दारी ते करडू उंबऱ्यावर मान टाकून पडलेलं. त्यांनी आपल्या ताटातला दहीभात घेतला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं चाटला. मग संध्याकाळी परत, सकाळी परत. लळा लावायचा नाही हा नियम बहुधा ताटाबाहेर राहिला.

करडू आणखी बिघडलं. खपाटीला गेलेलं पोट आता डाव्या बाजूनं टम्म फुगलं, रवंथ थांबलं, दात खायला लागलं. मी खाली गेले तेव्हा राजसबाई ओट्यावर बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"मानाजीला फोन केला," त्या म्हणाल्या. "म्हणतो, मेलें तर मरूं दे, दुसरें आणूं. चुम्मा कष्ट घेऊं नकोस."

चुम्मा म्हणजे उगाचच. तो शब्द त्यांना फार लागला होता. त्यांनी चप्पल पायात सरकवली, कुंकवाची रिकामी डबी घासून घेतली, तीत जुलाबाचा नमुना घेतला आणि करडाला भाजीच्या मोठ्या पिशवीत घातलं, तोंड बाहेर ठेवून. मी ऑफिसला दांडी मारली. करडू बघून दोन रिक्षावाल्यांनी मान हलवली. तिसऱ्याला हलवताच आली नाही, कारण तोवर बाई आत बसल्या होत्या.

वेपेरीच्या जनावरांच्या दवाखान्यात रांग होती. आम्हाला बघायला डॉक्टर विद्यालक्ष्मी होत्या, तिशीतल्या, केसांत मोगरा माळलेल्या. त्यांनी करडाची खालची पापणी ओढली. आतून पांढरीफट्ट. पोटावर बोटं दाबली, डबीतला नमुना तपासायला पाठवला आणि तमिळमध्ये विचारलं, "खायला काय देताय?"

"तयिर साद," राजसबाई म्हणाल्या. दहीभाताला तमिळमध्ये तेच नाव.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "शेळीला?"

"माझ्या घरांत अस्क्यांचीं, सगळ्यांचीं पोटें त्यानेंच बरीं झालीं."

"माझ्याही घरात," डॉक्टर म्हणाल्या. "पण आजी, आपण रवंथ करत नाही. भात तिच्या पोटात जाऊन आंबतो. जुलाब जंतांचे होते, फुगारा तुम्ही दिलात."

राजसबाईंनी करडाच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "सरी, बरें. आतां काय करायचें तें सांगा. मी चुकल्यें म्हणून त्यानें कां मरावें?"

तपासणीत निघालं ते असं. पोटात जंत होतेच, शिवाय आतड्यात कॉक्सिडिया नावाचे डोळ्यांनी न दिसणारे जीव. लहान करडांना ते लेंड्यांनी खराब झालेल्या पाण्यातून आणि जमिनीवर पडलेल्या चाऱ्यातून होतात. म्हणजे शेवग्याच्या पाल्यातून आणि त्या घमेल्यातून. डॉक्टरांनी आधी फुगाऱ्यावर औषध पाजलं, सलाईन लावलं. भात, पेज, कुठलंही धान्य बंद. मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं, सुई काढलेल्या सिरिंजनं, गालाच्या बाजूनं. मान वर ताणून ओतलं तर फुप्फुसात जाईल. कॉक्सिडियाचं औषध रोज, मध्ये न चुकवता. अंगात जरा जीव आला की वजन करून जंताचं औषध. चारा टांगून, पाणी उंचावर, खालची जागा कोरडी.

परतीच्या रिक्षात मला राहवलं नाही. करडू त्यांच्या मांडीवर होतं.

"बाई, एक विचारू? हे मेलं तर मेलं. आणि बरं केलंत तर मानाजी नेऊन कापणार. मग कशासाठी चाललंय हे सगळं?"

त्यांनी पदरानं करडाचं तोंड पुसलं. मला वाटलं, आता फटकारतील.

"जुलाबानें मरायला तें जन्मलें नाहीं," त्या म्हणाल्या. "आधीं तें उभें राहूं दे. मग कुणाकुणाशीं भांडायचें तें बघूं."

आणि खरंच त्यांनी भांडणाचा क्रम लावला. पहिलं भांडण रोगाशी. मातीची पट्टी खरवडून काढली, चुना टाकला, जुन्या पलंगाच्या फळ्या विटांवर ठेवून करडाला माचा केला. घमेलं फेकलं आणि पाण्याचं भांडं खिडकीच्या गजाला बांधलं. हादग्याच्या पाल्याच्या जुड्या दोरीनं झाडाला टांगल्या. करडाचं तोंड पोचेल, पण पाय लागणार नाही, इतक्याच उंचीवर. सिरिंजनं पाणी पाजताना सगळं लुगडं बरबटायचं. त्याचं मागचं अंग त्या कोमट पाण्यानं धुवायच्या आणि जुन्या पंच्यानं टिपायच्या. नारायणस्वामी जिन्यावरून बघायचे, पण आता वासच नव्हता, त्यामुळे त्यांना बोलता येईना.

हळूहळू जुलाब आळले. एका सकाळी राजसबाईंनी मला खालून अशी हाक मारली की मला वाटलं, संपलं. धावत गेले, तर त्या जमिनीकडे बोट दाखवत उभ्या. काळ्या, गोल, सुट्या लेंड्या. "बघ गे! मोत्यें बघ!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लेंड्या पाहून मीही रडले, हे मी कराडला कुणाला सांगितलेलं नाही.

जून संपता संपता करडू माच्यावरून उड्या मारायला लागलं. अंगावर तकाकी आली. म्हणजे आता ते देवीला चालण्यासारखं झालं. मानाजीचा फोन आला, आवाजात साखर. "आत्ते, ऐकलं, एकदम सुपर झालंय म्हणे. आडीतल्या पहिल्या शुक्रवारला गावी नेतो."

"ये," राजसबाई म्हणाल्या. तेवढंच.

तो यायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजारातून एक मोठा पांढरा कोहळा आणायला सांगितला. कशाला ते सांगितलं नाही. मी आणला. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि ओट्यावर ठेवला.

मानाजी मागच्या दारी आला तेव्हा राजसबाई करडाची दोरी हाताला गुंडाळून बसल्या होत्या. शेजारी कोहळा.

"हा घे," त्या म्हणाल्या. "हा काप. हें मिळणार नाहीं."

मानाजी हसला. त्याला थट्टा वाटली. मग त्यानं आत्याचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "आत्ते, प्रॅक्टिकल हो. नवस आहे. देवीचं आहे ते."

"देवीचें होतें. तूं म्हणालास मरूं दे. तेव्हां देवी कुठें होती? यानें माझ्या ताटांतला भात खाल्ला. ज्यानें ताटांतलें खाल्लें तें घरचें. घरच्याला कापत नाहींत."

"त्याच भातानं मरत होतं ना ते?"

"होंव. माझ्याच भातानें मरत होतें आणि माझ्याच हातानें उठलें. मग तें माझें नाहीं, तर कुणाचें?"

"पण अशी रीत आपल्यात कुठं आहे?"

"नव्हती," राजसबाई म्हणाल्या. "आतां आहे."

मानाजी माझ्याकडे वळला, जणू मी त्याची बाजू घेईन. मी शेवग्याकडे बघत राहिले. मग त्यानं शेवटचा हुकमी पत्ता टाकला, आणि मला त्याची कीवही आली, कारण बाप म्हणून तो खरोखर घाबरला होता. "आणि देवी कोपली तर? नित्याला काही झालं तर?"

राजसबाईंचा चेहरा उतरला. नित्या त्यांचा जीव. दोरी धरलेला हात मांडीवर पडला. करडानं त्यांच्या पदराचं टोक तोंडात घेतलं, त्यांनी ते सोडवलंही नाही. दारामागे कुकरची शिट्टी झाली, थांबली. मग त्या उठून उभ्या राहिल्या.

"पोरीवर कां कोपेल ती? तिनें काय केलें? तूं तर द्यायला तयार होतास, तुझाही दोष नाहीं. गावीं जा, कोहळा ठेव, पूजा कर आणि अम्मनला माझें नांव सांग. म्हणावें, राजसबाईनें दिलें नाहीं. मैलापुरांत तळ्यामागें राहत्यें, एकटी असत्यें, काय घ्यायचें तें माझें घे."

मानाजीनं कोहळा उचलला. गाडीच्या मागच्या सीटवर तो गडगडू नये म्हणून त्याला त्यानं पट्टा लावला, ते मी वर जाऊन पुढच्या खिडकीतून पाहिलं.

खाली आले तर राजसबाई करडाजवळ माच्याच्या कडेवर बसल्या होत्या. हादग्याची नवी जुडी बांधायची होती, पण गाठ बसत नव्हती.

"बाई, भीती वाटतेय?" मी विचारलं.

"वाटत्ये की," त्या म्हणाल्या. "म्हणून काय द्यायचें?"

मी दोरीचं टोक धरलं आणि त्यांनी गाठ मारली.