वांग्याला विचारलं का?

मेलेल्या जनावराचा वास आला की सारं जग नाक दाबून पळतं; त्या वासाच्या दिशेनं आनंदानं धावत सुटणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात एकच होता, आणि ते होते आमचे मावसे! कुंभार पिंपळगावात, माझ्या आजोळी, ते घरजावई म्हणून राहत. गावानं त्यांना 'बांडगूळ' हे नाव ठेवलं. दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. मावसे थेट आंब्यावरचं बांडगूळ बघायला गेले आणि त्याच्या फुलांवर भाळूनच परतले! "बिलकुल माझ्यावानी हाये, पर फुलतंय बघ कसं!" तेव्हापासून दुसऱ्याच्या जिवावर जगणारं प्रत्येक झाड त्यांचं सोयरं झालं. ज्वारीतला टारफुला उपटताना त्यांचा जीव खालीवर होई. त्यात लढाईवरून परतलेल्या एका शिपायानं सांगितलं की मलायाच्या जंगलात परातीएवढं फूल उमलतं. त्याला ना पान ना खोड, वेलाच्या मुळांवर जगतं आणि मढ्यासारखं घाण मारतं. झालं! मावशांचं नाक कायम वर.

एका सकाळी ते वांग्यांच्या वाफ्यातून ओरडत आले, "जल्दी चला! आलं! मलायाचं फूल आपल्याकडं आलं!" अर्धं गाव जमलं. वांग्याच्या बुडाशी, माती फोडून, बिनपानाचा फिकट कोंब वर आला होता. आजोबांनी एका नजरेत ओळखलं.

"ह्यो बंबाखू हाये, जावईबापू. वांगं वाळवून टाकतो. दुसऱ्याच्या मुळावर जगतंय अन् वरून तोरा! उपटा!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सगळे मावशांकडे बघू लागले. त्यांचा चेहरा पडला. ते स्वतःच कोंब उपटायला वाकले, तशी मावशीनं त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या." मग ती आजोबांकडे वळली. "नाना, वांग्याला इचारलं का तुमी? त्याची काय बी तक्रार न्हाई."

मला तेव्हा मावशीचा केवढा अभिमान वाटला! तेवढा एक कोंब राहिला. फूल निघालं तिळाच्या फुलाएवढं, फिकट जांभळं. मावसे त्याच्यासमोर उकिडवे बसून "वा! वा!" करत होते, आणि मावशी हसून त्यांच्याकडे बघत होती.

पुढे मावशी फार लवकर गेली. तेराव्यानंतर मावशांनी आपली ट्रंक उचलली. आता इथं राहायचं कुणाच्या जोरावर, असं त्यांना वाटलं असावं. दारात आजोबा उभे होते. त्यांनी ट्रंक हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "कुठं निघून राह्यले? मंग वांग्याकडं कोन बघंल?"